काचेखालच्या सासूबाई

चुन्याच्या भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये मीटर होते, पडदे होते, लाल-हिरवे दिवे होते, आणि या सगळ्यांवर हुकमत गाजवणारं टोमॅटोचं एक रोप होतं. खिडकीजवळच्या टेबलावर, उपड्या घातलेल्या मोठ्या काचेच्या बरणीखाली ते बसायचं. त्याला सगळे सासूबाई म्हणत, आणि सासूबाई म्हटल्यावर बोलणंही आपोआप आदराचं व्हायचं. ‘सासूबाईंना पाणी दिलं का,’ ‘सासूबाई आज खुशीत आहेत,’ असं भट्टीवरची दाढीमिशीवाली माणसंसुद्धा गंभीर चेहऱ्याने बोलत.

हे नाव ठेवलं होतं धाकटीच्या वहिनीने. धाकटी म्हणजे सकाळच्या पाळीची ऑपरेटर. घरात ती शेंडेफळ, आणि तिचा थोरला भाऊ भट्टीच्या कुंपणापलीकडे काचघरं चालवायचा, त्यामुळे घरचं हे नाव कुंपण ओलांडून भट्टीवरही रुजलं होतं. वहिनी मात्र तिला ‘वन्सं’ म्हणायची. हल्ली असं कोणी म्हणत नाही. वहिनी मुद्दाम चिडवायला म्हणायची आणि धाकटी मुद्दाम चिडायची. दोघींचं तसं गूळपीठ होतं.

या रोपाला एवढा मान का, तर त्याला कारण होतं. चुनखडी भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. पूर्वी तो चिमणीतून सरळ आभाळात जायचा. आता चिमणीलाच पाइप जोडून तो अडवत, धुऊन थंड करत, एका द्रावणात मुरवत, मग द्रावण तापवून पुन्हा मोकळा करत आणि काचघरांत सोडत. झाडं तो पोटभर खात आणि जोमाने वाढत. पण भट्टीच्या धुरातून त्याच्याबरोबर एक चोरपावलाचा वायूही यायचा, इथिलीन, पिकणाऱ्या फळांतून निघतो तोच. तो अगदी कणभर जरी काचघरात शिरला तरी फुलं टिकत नाहीत. त्याला धरून ठेवायला कोळशाच्या दाण्यांनी भरलेली एक टाकी होती. दाणे भरून गेले की ते बदलायचे. पण भरले हे ओळखायचं कसं? इतकं बारीक पकडणारा मीटर भट्टीच्या मालकाला परवडणारा नव्हता. म्हणून सासूबाई. बरणीत बारीक नळीने काचघराकडे जाणारा वायू सोडलेला असायचा, काचघरात असतो तेवढाच, बाकी हवा. जरा कुठे खोट असली की सासूबाई मान खाली घालायच्या.

तहानलेलं रोप वेगळं आणि वायू बाधलेलं रोप वेगळं. तहानलेलं झाड मऊ पडतं, त्याची पानं हाताला चिंधीसारखी लागतात. वायू बाधलेलं झाड टणक राहून देठातून वाकतं, पानं ताजी असूनही खाली वळतात. हे धाकटीला वहिनीने शिकवलं होतं, पान बोटांत धरून. रोपंही वहिनीच लावायची आणि दर महिन्याला दोन पाठवायची, एक बरणीखाली ठेवायला आणि एक राखीव. काचघरातल्या रोपांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या कुंड्यांना ती आपल्या जुन्या निळ्या ओढणीची पट्टी बांधायची.

दादाचा रोज दुपारी फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही, पहिलाच प्रश्न: “सासूबाई कशा आहेत?”

“ताठ आहेत.”

एवढं झालं की दादा फोन ठेवायचा. त्या दोन शब्दांवर त्याची दोन काचघरं चालत.

खरं तर जुनं काचघर तेवढं त्याचं होतं आणि त्यात नुसती पालेभाजी होती. नवं काचघर वहिनीचं. टोमॅटो लावायचे म्हणून ती त्याच्या मागे किती दिवस लागली होती. दादा माणूस वाईट नाही, पण नव्या गोष्टीला आधी नाही म्हणायची त्याला खोड आहे. शेवटी त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “कर बाई. पण हे सगळं तुझं. बरं झालं तरी तुझं, वाईट झालं तरी तुझंच.” वहिनीने ती किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली होती.

भट्टीवर पाहुणे यायचे होते. लांबलांबचे कारखानदार, अधिकारी, फोटो काढणारे. धूर अडवून भाजी पिकवतात म्हणजे काय करतात हे त्यांना बघायचं होतं. मोठ्या साहेबांनी आठवडाभर आधीपासून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. पाइप रंगवले, फरशी घासली, आणि समजावून सांगायला धाकटीला निवडलं. धाकटीने घरी आरशासमोर उभं राहून एक वाक्य पाठ केलं: “धूर आमचा, टोमॅटो त्यांचे.” नवरा दाढी करताना तेच वाक्य म्हणून तिला चिडवायला लागला होता.

त्या सकाळी ती इस्त्रीचा गणवेश घालून कंट्रोल रूममध्ये आली आणि बघते तर सासूबाईंनी मान खाली घातलेली.

तिने बरणी उचलून पान बोटांत धरलं. पान टणक होतं. कुंडीतली माती ओली होती. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. कोळसा भरला होता, आणि तो बदलायचा म्हणजे अर्धा दिवस वायू बंद. पाहुणे येणार आणि त्यांना मुका पाइप दाखवायचा.

साहेबांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. कदाचित चिडले असते, कदाचित ‘बंद करा’ म्हणाले असते. पण तिने विचारलंच नाही. विचारलं असतं तर ते पाठ केलेलं वाक्य म्हणायला मिळालं नसतं, आणि खरं कारण एवढंच होतं. नंतर तिने स्वतःला बरीच कारणं दिली, साहेबांचा धाक, भट्टीचं नाव, पण त्यांतलं एकही तिचं तिलाच पटलं नाही.

खिडकीत राखीव रोप होतं, हिरवंगार, सरळ. तिने ते बरणीखाली ठेवलं आणि वाकलेलं आपल्या कपाटात, हेल्मेटमागे लपवलं. कपाटाचं दार लावताना पानाचं टोक दारात सापडलं. ते तिने बोटाने हळूच आत ढकललं.

पाहुणे आले. धाकटी छान बोलली. एका पाहुण्याने बरणीकडे बोट दाखवून विचारलं की हे कशासाठी, आणि तिने सासूबाईंची गंमत सांगितल्यावर सगळे हसले. शेवटी ते वाक्य आलं, टाळ्या आल्या, साहेबांनी मान डोलावली, फोटो निघाला. धाकटी बरणीशेजारी उभी होती.

टाळ्यांचा आवाज कानात असतानाच फोन वाजला.

“झाले का तुझे पाहुणे? आणि सासूबाई कशा आहेत?”

तिने बरणीकडे बघितलं. खोटं बोलायची गरजच नव्हती, तेच वाईट झालं.

“ताठ आहेत,” ती म्हणाली.

पाळी संपताना दुसऱ्या ऑपरेटरला सांगायचं असं तिने ठरवलं होतं. पण सांगितलं तर तो विचारणार, वाकलेलं रोप कुठे आहे? दाखवलं तर विचारणार, कपाटात कसं गेलं? ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची दोन दिवस सुट्टी होती. वाकलेली कुंडी तिने पिशवीत घालून घरी नेली. कचऱ्यात टाकली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण वहिनीच्या ओढणीची पट्टी बघून तिचा हात धजावला नाही. “सुट्टीवरून गेले की आधी कोळसा बदलते,” असं ती मनाशी म्हणाली आणि कुंडी गॅलरीत ठेवली.

सुट्टीनंतर ती गेली तेव्हा दुसरं रोपही वाकायला लागलं होतं. दुसरा ऑपरेटर म्हणाला, “काल दुपारपर्यंत ताठ होत्या, तुझ्या दादालाही तेच सांगितलं. आता पाणी घालतोय, पण ऐकत नाहीत.” धाकटीने तडक वायू थांबवला, कोळसा बदलला, आणि कोणी विचारलं तर म्हणाली की वेळ झालीच होती. दुपारपर्यंत वायू पुन्हा स्वच्छ सुरू झाला. त्या दुपारी दादाचा फोन मात्र आला नाही.

पाळी संपल्यावर ती कुंपणाच्या फाटकातून काचघराकडे गेली. नव्या काचघराच्या जमिनीवर पांढरं प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि त्यावर सगळीकडे पिवळी फुलं पडली होती. झाडांवर फुलांचे देठ तेवढे उरले होते, माना मोडल्यासारखे. वहिनी दोन ओळींच्या मध्ये उकिडवी बसून फुलं हाताने गोळा करत होती. शेजारी झाडू पडला होता, पण ती हातानेच गोळा करत होती.

“वन्सं, बघा आमचा प्रताप,” ती म्हणाली, आणि हसायला गेली. ते काही जमलं नाही.

“काय झालं?” धाकटीने विचारलं. काय झालं ते तिला दारातूनच कळलं होतं.

“नवं खत फवारलं मी. तुझा दादा म्हणत होता, ऊन चढल्यावर नको. मला वाटलं ढग आहेत, चालेल. मग ऊन आलं. दुसऱ्या दिवसापासून गळायला लागली. थांबतच नाहीत.”

दादा दाराशी उभा होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “दुसरं काही कारणच दिसत नाही,” तो धाकटीला म्हणाला. “पाणी तपासलं, मुळं बघितली. वायूचा प्रश्नच नाही, तिकडे तू आहेस.”

सांगायची वेळ होती ती हीच. एक वाक्य बोलायचं होतं, पाठ न केलेलं. ती म्हणाली, “होतं असं कधी कधी,” आणि वहिनीशेजारी बसून फुलं गोळा करायला लागली. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “राहू दे गं, तू दमून आलीयेस.”

त्यानंतरचे दिवस धाकटीला खायला उठले. घास तोंडात फिरायचा. भट्टीवर तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. जाता-येता ती त्याच्याकडे पाठ करून जायची. दुपारी दादा पुन्हा फोन करू लागला होता, त्याच प्रश्नाने, आणि आता सासूबाई खरोखरच ताठ होत्या, तरी तिला ते दोन शब्द उच्चारवत नव्हते. “ठीक आहेत,” एवढंच ती म्हणायची. दादाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वाटलं असतं तर सुटले असते, असं तिला वाटे, आणि त्याच क्षणी वाटू नये म्हणून ती देव पाण्यात घालून बसलेली असे.

आणि गॅलरीतलं ते रोप सुधारायला लागलं होतं. आधी शेंडा सरळ झाला, मग देठ वर उचलले गेले. नवऱ्याने हौसेने काठी रोवून त्याला आधार दिला. नवा फुलांचा घोस आला, उमलला, आणि एके दिवशी फुलाच्या जागी मटारएवढं हिरवं फळ दिसलं. नवरा कौतुकाने तिला ओढत दाखवायला घेऊन गेला. धाकटीने ते बघितलं आणि तिला रडू फुटलं. नवऱ्याला वाटलं आनंदाने. तो बिचारा आणखी एक काठी आणायला गेला.

फळ धरलं याचा अर्थ तिला कळत होता. रोप मेलेलं नव्हतं, नुसतं बाधलं होतं. काचघरातली झाडंही अशीच उठणार होती; घरचं रोप वायूतून आधी सुटलं म्हणून चार पावलं पुढे होतं, इतकंच.

पुढच्या एका सुट्टीच्या सकाळी दारात वहिनी उभी होती. हातात दोन कुंड्या, दोन्हींना निळी पट्टी. गळ्यातल्या साखळीत किल्ली नव्हती.

“ही घे, या महिन्याची,” ती आत येत म्हणाली. “ही शेवटची. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कोणाला तरी सांगा. माझ्या हाताला यशच नाही.”

“असं काय बोलतेस?”

“खरं तेच. किल्ली देऊन टाकली मी त्याला. तो आज झाडं उपटतोय. म्हणतो, दोन घोस गळले, येतील तेही गळतील, खत अंगात भिनलंय. त्या जागी पालेभाजी लावणार.” वहिनी खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर उलटे करून त्यांच्याकडे बघत राहिली. “मला तिथे उभं राहवेना. म्हणून म्हटलं, रोपं देऊन येऊ.”

“आजच उपटतोय?”

“मी निघाले तेव्हा हातमोजे घालत होता.”

धाकटी काही बोलायच्या आत वहिनी कुंड्या ठेवायला गॅलरीत गेली. धाकटी मागोमाग गेली तेव्हा वहिनी काठीला बांधलेल्या रोपासमोर वाकली होती आणि तिची बोटं निळ्या पट्टीवर होती.

“ही माझी सासूबाई ना?” तिने विचारलं. “इथे कशी?”

धाकटी उंबऱ्यावरच थांबली.

“आजारी पडली म्हणून घरी आणलीस होय?” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. “कशी सुधारलीये बघ. तुझ्या हाताला गुण आहे, वन्सं.”

सुटायचं दार सताड उघडं होतं. नुसतं हो म्हटलं की झालं. तेवढ्यात वहिनीने ते मटारएवढं फळ करंगळीने हलकेच उचलून बघितलं, जणू ते तिचं नव्हतं, आणि धाकटीला ते सहन झालं नाही.

“माझ्या हाताला गुण नाही,” ती म्हणाली. “पाहुणे यायचे होते त्या सकाळी हिने मान खाली घातली होती. मी बघितलं. पान टणक होतं. मी ही लपवली आणि दुसरी ठेवली. कोळसा सुट्टीनंतर बदलला. तोवर तुझ्या काचघरात तोच वायू येत होता. तुझ्या फवारणीने काही झालं नाही, वहिनी. मी केलं.”

वहिनी वाकलेलीच राहिली. धाकटी वाट बघत होती, शिवीची, थपडेची, निदान रडण्याची.

“म्हणजे मी नव्हते,” वहिनी म्हणाली.

“नाही.”

“मी नव्हते,” ती पुन्हा म्हणाली, या वेळी स्वतःशीच, आणि तिचा चेहरा इतका सैल झाला, इतका मोकळा, की धाकटीला तिच्याकडे बघवेना. राग आला असता तर तो झेलता आला असता. या सुटकेचं काय करायचं ते तिला कळेना. एवढे दिवस हे ओझं घेऊन ही बाई झोपत-उठत होती, आणि ते उतरवायला एक वाक्य पुरत होतं.

मग वहिनी ताठ झाली. “फोन कर त्याला.”

धाकटीने केला. दादाचा फोन कुठेतरी वाजत राहिला. काम करताना तो फोन जवळ ठेवत नसे.

दोघी निघाल्या. धाकटीने ती कुंडी काठीसकट उचलून घेतली. रस्ताभर वहिनी भरभर चालत होती, मध्येच धावत होती. धाकटी कुंडी छातीशी धरून मागे मागे. टोमॅटोच्या पानांचा वास तिच्या घरातल्या साध्या सदऱ्याला लागत होता.

नव्या काचघराचं दार उघडं होतं. पहिली ओळ आडवी झालेली होती, मुळांसकट, आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला दादा वाकला होता.

“थांब,” वहिनी म्हणाली. “हिचं ऐक.”

धाकटीने कुंडी त्याच्या पायाशी ठेवली आणि सगळं सांगितलं. गॅलरीत सांगितलं होतं त्याहून वाईट सांगितलं; शब्द मागेपुढे झाले, पण तिने काही वगळलं नाही, टाळ्यासुद्धा नाही. दादाने हातमोजा काढला, रोपाचं पान उलटं करून बघितलं, फळ बघितलं, पट्टी बघितली. मग उपटलेल्या ओळीकडे बघितलं.

“मी विचारलं होतं तुला,” तो म्हणाला. “त्या दुपारी.”

“हो.”

“तू म्हणालीस, ताठ आहेत.”

“हो.”

“तू नुसतं नाही म्हणाली असतीस तर मी वाल्व्ह बंद केला असता. हा इथे आहे, हाताशी.” त्याने दाराजवळच्या वाल्व्हकडे बोट दाखवलं. तो चिडून बोलत नव्हता, तिला खरंच समजावून सांगत होता. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि बायकोसमोर धरली. वहिनीने किल्ली घेतली. साखळीत अडकवली नाही, मुठीत धरून ठेवली.

उरलेली झाडं उठली. पुढच्या घोसाला फळं धरली, उशिरा, पण धरली. मोठ्या साहेबांनाही धाकटीने सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, बाहेर कुठे बोलू नका. फोटो भिंतीवर तसाच राहिला. तिला कोणी काही शिक्षा केली नाही.

रोपं अजून वहिनीच लावते, पट्टीही बांधते. दादाचा दुपारचा फोन मात्र बंद झाला आहे. त्याऐवजी रोज सकाळी वहिनी स्वतः फाटकातून कंट्रोल रूममध्ये येते. बरणी उचलते, पान बोटांत धरून बघते, बरणी पुन्हा ठेवते. धाकटी उठून उभी राहते. “बरं आहे,” वहिनी म्हणते, रोपाकडे बघून, आणि काचघराकडे परत जाते. ती धाकटीशी नीट बोलते, विचारपूस करते, कधी भाजीही आणून देते. फक्त वन्सं म्हणत नाही.